व्हर्च्युअल मशीनसाठी पर्सिस्टंट मेमरीची नक्कल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हर्च्युअल मशीनला पर्सिस्टंट मेमरी (वीज गेली तरी मजकूर राखणारी मेमरी) दाखवणं सोपं आहे. एक फाइल आणि दोन-तीन पर्याय दिले की गेस्टमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या सिस्टिममध्ये, नवं उपकरण दिसायला लागतं. पण त्या उपकरणासोबत "लिहिलेलं टिकेल" असं वचनही गेस्टला आपोआप जातं, आणि ते पाळायचं कुणी हे बऱ्याचदा ठरलेलंच नसतं. खालचे बहुतेक प्रश्न शेवटी त्या वचनाशी येऊन थांबतात. उदाहरणं मुख्यतः लिनक्स, केव्हीएम (लिनक्स कर्नलमधला हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) आणि क्यूएमू (मशीनची उपकरणं उभी करणारा त्याचा जोडीदार प्रोग्राम) यांची आहेत.

नक्कल करताना हायपरव्हायझर प्रत्यक्षात करतो काय?

खरी पर्सिस्टंट मेमरी रॅमच्याच खाचेत बसते. प्रोसेसर तिच्याशी साध्या लोड-स्टोअर सूचनांनी बोलतो आणि वीज गेली तरी मजकूर राहतो. अशी मेमरी कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत आहे, हे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगण्यासाठी २०१५ च्या एसीपीआय ६.० मध्ये एनफिट नावाचा तक्ता आला. क्यूएमू २०१६ पासून, म्हणजे २.६ आवृत्तीपासून, हाच तक्ता गेस्टसाठी तयार करतो. मागे असते होस्टवरची, म्हणजे मशीन ज्या खऱ्या यंत्रावर चालते तिथली, एक फाइल. क्यूएमू ती एममॅप करतो (फाइल मेमरीच्या पत्त्यांना जोडतो), केव्हीएम तो पट्टा गेस्टच्या भौतिक पत्त्यांना जोडतो, आणि एकदा पानं जोडली गेली की गेस्टचं प्रत्येक वाचन-लेखन थेट तिथे होतं. मध्ये व्हीएम एक्झिट नाही, म्हणजे गेस्ट थांबून ताबा हायपरव्हायझरकडे जात नाही.

वेग मिळतो तो यामुळेच. अडचणही इथेच सुरू होते: ज्या व्यवहारात हायपरव्हायझर हजरच नसतो, त्याची हमी तो देणार कशी?

ऑप्टेन बंद झालं. मग आता याचा उपयोग कुणाला?

इंटेलने ऑप्टेन या पर्सिस्टंट मेमरीचे मॉड्यूल २०१९ मध्ये बाजारात आणले आणि जुलै २०२२ मध्ये हा व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नक्कल मात्र वापरात राहिली, कारण तिचे फायदे हार्डवेअरवर अवलंबून नाहीत. काटा कंटेनर्समध्ये (कंटेनर लहान व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणारं साधन) गेस्टची मूळ फाइल सिस्टिम एनव्हीडिम, म्हणजे पर्सिस्टंट मेमरीचं मॉड्यूल, म्हणून जोडता येते. गेस्ट ती डॅक्सने माउंट करतो, म्हणजे स्वतःची पेज कॅश (फाइलची पानं रॅममध्ये राखून ठेवणारी जागा) टाळून थेट होस्टची पानं वाचतो. एकाच होस्टवर पन्नास मशीन असल्या तरी त्या प्रतिमेची रॅममध्ये प्रत एकच राहते. नेहमीच्या ब्लॉक उपकरणात प्रत्येक गेस्ट आपली वेगळी प्रत कॅश करत बसला असता.

दुसरा उपयोग चाचणीचा आणि तिसरा सीएक्सएलचा (प्रोसेसरला बाहेरची मेमरी आणि उपकरणं जोडण्याचं प्रमाण). दोन्हींबद्दल पुढे येईल.

गेस्टमधल्या प्रोग्रामने कॅश लाइन (प्रोसेसरच्या कॅशमधली ओळ) फ्लश केली, एसफेन्सही (लेखनांचा क्रम राखणारी सूचना) दिला. आता डेटा सुरक्षित आहे ना?

फाइलच्या मागे काय आहे त्यावर ठरतं, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

मागे खरी पर्सिस्टंट मेमरी असेल आणि मधलं मॅपिंग नीट असेल, तर हो. सीएलडब्ल्यूबी ही सूचना कॅशमधली ओळ मेमरी कंट्रोलरकडे पाठवते. एडीआरची सोय असलेल्या मशीनवर, कंट्रोलरच्या रांगेत पोचलेलं लेखन वीज जाता-जाता मेमरीत उतरवलं जातं. (आधी पीकमिट नावाची आणखी एक सूचना योजली होती. एडीआर गृहीत धरायचं ठरल्यावर तिची गरज उरली नाही आणि इंटेलने २०१६ मध्ये ती मागे घेतली.)

मागे साध्या एसएसडीवरची फाइल असेल, तर त्याच सूचनांनी डेटा पोचतो तो होस्टच्या रॅममध्ये, पेज कॅशच्या पानात. तिथून डिस्कवर उतरायला होस्टवर एफसिंक (फाइल डिस्कवर उतरव ही कर्नलला हाक) व्हायला हवं. गेस्टने एफसिंक केलं तरी गेस्टचा कर्नल शेवटी कॅश लाइनच फ्लश करतो, कारण त्याला समोर खरी मेमरी दिसते आहे. एक्स८६ वर कॅश लाइन फ्लश करणाऱ्या सूचना हायपरव्हायझरला अडवता येत नाहीत. एनफिटमध्ये फ्लश हिंट पत्ते (जिथे लिहून गेस्टने फ्लश मागायचा) देण्याची तरतूद आहे, पण क्यूएमू ते देत नाही. थोडक्यात, गेस्टने "आता जपून ठेव" म्हटलं हे होस्टला कळायला एकही वाट उरत नाही.

गेस्टमधल्या डेटाबेसचा यात काही दोष नाही. त्याने नियम पाळले, उत्तर "झालं" असंच आलं, आणि डेटा मात्र होस्टच्या रॅममध्ये पडून राहिला. असं खोटं "झालं" मला सरळ मिळणाऱ्या एररपेक्षा कितीतरी घातक वाटतं.

मग कोणत्या अपघातात काय वाचतं?

फाइल साध्या डिस्कवर आहे आणि ती सामायिक मॅपिंगने जोडली आहे असं धरू.

गेस्टचा कर्नल कोसळला: काहीही जात नाही. क्यूएमूची प्रक्रिया कुणी मारली: तरीही काही जात नाही, कारण पानं होस्टच्या पेज कॅशची आहेत, प्रक्रियेची नाहीत. नवी प्रक्रिया तीच फाइल उघडते आणि शेवटच्या बाइटपर्यंत सगळं जागेवर सापडतं. होस्टचा कर्नल कोसळला किंवा वीज गेली, तर जी पानं तोवर डिस्कवर उतरली नव्हती ती गेली. शिवाय पानं कोणत्या क्रमाने उतरली याचीही खात्री नाही. कर्नल आपल्या सोयीने राइटबॅक करतो. लॉगची नोंद आधी आणि डेटा नंतर असा क्रम गेस्टने काटेकोर पाळला असला, तरी डिस्कवर डेटा नवा आणि लॉग जुना असं चित्र उरू शकतं. क्रम मोडणं हे डेटा हरवण्यापेक्षाही वाईट, कारण सावरण्याचं सगळं तर्कशास्त्र त्या क्रमावर उभं असतं.

फाइल टीएमपीएफएस किंवा ह्यूजटीएलबीएफएसवर (रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टिम) असेल, तर पहिले दोन अपघात पचतात आणि होस्ट रीबूट झाला की सगळं साफ होतं. चाचणीसाठी हे पुरेसं असतं, फक्त ते जाणूनबुजून निवडलेलं असावं.

लोक फसतात ते इथेच. पहिले दोन अपघात करून पाहणं सोपं असतं, म्हणून चाचणी तेवढीच होते आणि "टिकतं" असा निष्कर्ष निघतो. मीही एकदा महिनाभर क्यूएमू मारून-मारून चाचण्या हिरव्या करत होतो. होस्टची वीज एकदाही काढून पाहिली नव्हती.

व्हर्टआयओ-पीमेम यात वेगळं काय करतं?

व्हर्टआयओ-पीमेम हे खास व्हर्च्युअल मशीनसाठी योजलेलं उपकरण आहे. ते हुबेहूब नक्कल करायचा हट्ट सोडतं. गेस्टला सांगतं: हा पट्टा मेमरीसारखा वाच, मेमरीसारखा लिही, पण जपून ठेवायचं असेल तेव्हा मला हाक मार. त्यासाठी व्हर्टक्यूवर (गेस्ट आणि होस्टमधली विनंत्यांची रांग) एक फ्लश विनंती आहे. गेस्टमधल्या प्रोग्रामने एफसिंक केलं की फाइल सिस्टिम ती हाक उपकरणापर्यंत नेते, होस्ट मागच्या फाइलवर एफसिंक करतो आणि निकाल परत देतो. लिनक्समध्ये हे ५.३ आवृत्तीत आणि क्यूएमूमध्ये ४.१ आवृत्तीत आलं, दोन्ही २०१९ साली.

मला हा आराखडा प्रामाणिक वाटतो. वाचनाचा वेग तसाच राहतो, गेस्टची पेज कॅश टळते, आणि कोणती पानं रॅममध्ये ठेवायची हा निर्णय होस्टकडे येतो. मेमरीची चणचण भासली तर होस्ट ती पानं काढून टाकू शकतो, गेस्टमध्ये बलून फुगवावा (गेस्टकडून रॅम परत घ्यायची युक्ती) लागत नाही. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. डिस्कवर लिहिताना चूक झाली, तर ती फ्लशच्या उत्तरातून गेस्टला कळते. एनव्हीडिमच्या नकलेत एफसिंक करणारंच कुणी नसल्यामुळे ती चूक कुणाच्या कानावर जात नाही.

किंमतही आहे. कोणता पत्तापट्टा उतरवायचा हे विनंतीत सांगता येत नाही, त्यामुळे फ्लश म्हणजे पूर्ण फाइलचा फ्लश. एका प्रोग्रामने चार किलोबाइटसाठी एफसिंक केलं, तरी शेजारच्या प्रोग्रामने मळवलेली (बदललेली, पण डिस्कवर न उतरलेली) गिगाबाइटभर पानं उतरेपर्यंत त्याला थांबावं लागू शकतं. सतत छोटे-छोटे कमिट करणाऱ्या कामाला साधं व्हर्टआयओ-ब्लॉक उपकरण बरं पडतं.

व्हर्टआयओ-पीमेमवर मॅप-सिंक का नाकारलं जातं?

मॅप-सिंक हा लिनक्स ४.१५ पासूनचा एममॅपचा झेंडा आहे. त्याचा अर्थ असा: या मॅपिंगमधलं पान लिहिण्यासाठी खुलं करण्याआधी फाइल सिस्टिमने आपला मेटाडेटा टिकाऊ केलेला असेल, म्हणून प्रोग्रामने फक्त कॅश लाइन फ्लश केली तरी पुरे. व्हर्टआयओ-पीमेमवर कॅश लाइन फ्लश पुरत नाही, त्यामुळे कर्नल मॅप-सिंक देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पर्सिस्टंट मेमरीसाठीची पीएमडीकेसारखी लायब्ररी हा नकार पाहून गुपचूप एमसिंककडे (मॅप केलेल्या भागाचं एफसिंक) वळते. वेग घटतो, डेटा वाचतो.

"पीमेम-इज-पीमेम-फोर्स" हा पर्यावरण चल लावून, मागे खरी पर्सिस्टंट मेमरी आहे का ही लायब्ररीची तपासणी गप्प करता येते. बेंचमार्कच्या लेखांत तो दिसतो. खऱ्या डेटाच्या मशीनवर तो लावू नका.

फ्लशच्या सूचना अडवता येत नाहीत, तर पानं राइट-प्रोटेक्ट करून काम होणार नाही का?

कोणती पानं बदलली हे त्यातून कळेल. लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं) तेच तंत्र वापरतं. पण गेस्टला कोणत्या क्षणी हमी हवी होती हे कळत नाही, आणि आपल्याला हवा आहे तो क्षण. प्रत्येक लेखन अडवून डिस्कवर न्यायचं म्हटलं, तर मेमरीसारखा वेग उरत नाही आणि सगळा खटाटोप व्यर्थ जातो.

आयबीएमच्या पॉवर आर्किटेक्चरवर यावर चांगला तोडगा आहे. तिथे गेस्टला उपकरणाच्या वर्णनातूनच कळतं की फ्लशसाठी हायपरकॉल (हायपरव्हायझरला थेट हाक) लागेल. मग गेस्ट तो हायपरकॉल करतो आणि क्यूएमू मागच्या फाइलवर सिंक करतो. म्हणजे वेगळ्या वाटेने गाडी व्हर्टआयओ-पीमेमच्याच मुक्कामाला पोचली. हार्डवेअरची भाषा अपुरी पडली, तर गेस्टला खरी परिस्थिती सांगून त्याची मदत घ्यावी लागते.

क्यूएमूचे कोणते पर्याय चुकले तर डेटा जातो?

पहिला "शेअर". तो बंद असेल, तर गेस्टचं लेखन क्यूएमूच्या खासगी प्रतीत जातं आणि फाइल जशीच्या तशी राहते. मशीन चालू असेतो सगळं ठीक दिसतं, बंद केली की लेखन नाहीसं. वाचनापुरत्या प्रतिमेसाठी ही सोय आहे, टिकाऊ डेटासाठी सापळा.

दुसरा "पीमेम". मागे खरी पर्सिस्टंट मेमरी आहे असं तुम्ही क्यूएमूला सांगता. शेअरही चालू असेल तर क्यूएमू फाइलला मॅप-सिंकने जोडायचा प्रयत्न करतो, त्यासाठी होस्टवर डॅक्सने माउंट केलेली एक्स्ट४ किंवा एक्सएफएस लागते. ते जमलं नाही तर क्यूएमू थांबत नाही. होस्ट कोसळल्यास डेटा बिघडू शकतो अशी सूचना छापतो आणि पुढे जातो. ती ओळ लॉगमध्ये कुणी वाचत नाही. माझं मत विचाराल, तर इथे मशीन सुरूच व्हायला नको होती. तुमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ शोधा, आणि सापडली तर मशीन थांबवा.

तिसरा "एनव्हीडिम-पर्सिस्टन्स". त्याला "सीपीयू" किंमत दिली, तर गेस्टला कळवलं जातं की वीज जाताना प्रोसेसरच्या कॅशही आपोआप रिकाम्या होतात. हे फक्त ईएडीआर असलेल्या मशीनवर खरं असतं. गेस्ट विश्वास ठेवून कॅश फ्लश करायचंच सोडून देऊ शकतो. होस्टची खात्री नसेल तर "मेम-कंट्रोल".

उलट्या दिशेने उपयोगी पडतो तो "अनआर्म्ड". तो चालू केला की उपकरण आता टिकाऊपणाची हमी देऊ शकत नाही असं एनफिटमधून कळवलं जातं, आणि लिनक्स गेस्ट ते उपकरण फक्त वाचनासाठी उघडतो. हमी देता येत नसेल तर तसं सांगायची ही नीट सोय आहे, तरी ती फारशी वापरली जात नाही.

फाइल आधी पूर्ण आकाराची करून ठेवायची की विरळ (डिस्कवर जागा लागेल तशी घेणारी) चालेल?

पूर्ण करून ठेवा, फॅलोकेटने. विरळ फाइलच्या रिकाम्या भागात गेस्टने लिहिलं आणि त्या वेळी होस्टची डिस्क भरलेली असली, तर ते लेखन पुरंच होत नाही आणि मशीन जागीच मरते. ब्लॉक उपकरणात याच प्रसंगी मशीन थांबवून जागा मोकळी करता येते आणि काम पुढे चालू ठेवता येतं. मेमरीच्या स्टोअर सूचनेला "जागा नाही" असं उत्तर देता येत नाही.

स्नॅपशॉट, क्यूकाऊ२ (क्यूएमूचा डिस्क-फाइलचा प्रकार), एन्क्रिप्शन, वेगमर्यादा मिळेल का?

नाही. या सगळ्या सोयी क्यूएमूच्या ब्लॉक थरात आहेत आणि इथे आपण तो थरच वगळला आहे. मागची फाइल कच्चीच लागते. स्नॅपशॉट हवा असेल तर मशीन थांबवून होस्टच्या फाइल सिस्टिमकडून घ्या.

वाचन तरी नेहमी वेगवान असतं ना?

पान होस्टच्या रॅममध्ये असेल तर हो. नसेल तर फरक मोठा पडतो. ब्लॉक उपकरणाकडे गेस्ट विनंती पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत दुसरं काम करतो. अशा अनेक विनंत्या एकाच वेळी रांगेत राहू शकतात. इथे मात्र गेस्टच्या दृष्टीने एक लोड सूचना चालू आहे. होस्ट ते पान डिस्कवरून आणेपर्यंत तो व्हर्च्युअल प्रोसेसर अडकून राहतो, आणि गेस्टच्या शेड्युलरला डिस्कची वाट पाहिली जात आहे याचा पत्ताही नसतो. डेटा रॅमपेक्षा फार मोठा आणि वाचन विखुरलेलं असेल, तर ब्लॉक उपकरण निवडा.

दुसरी बाब पानाच्या आकाराची. होस्ट आणि गेस्ट दोन्हीकडे २ मेगाबाइटची पानं जुळली तर पत्त्यांचं भाषांतर स्वस्त पडतं. होस्टची फाइल डिस्कवर अशा सीमांवर जुळलेली नसेल, तर डॅक्स मॅपिंग ४ किलोबाइटवर घसरतं. एरर येत नाही, फक्त वेग घटतो, आणि कारण शोधायला दिवस जातो.

गेस्टमध्ये उपकरण मोठं दिलं की साधी रॅम कमी का होते?

डॅक्ससाठी लिनक्स प्रत्येक ४ किलोबाइटच्या पानामागे ६४ बाइटची नोंद ठेवतो. १ टेराबाइटच्या उपकरणाला त्यातून १६ गिगाबाइट लागतात. नेमस्पेस (उपकरणातला वापरायचा विभाग) बनवताना ही नोंद उपकरणातच ठेवायला सांगता येतं. गेस्टची रॅम लहान असेल तर तसंच करा.

लाइव्ह मायग्रेशन होतं का?

होतं, पण उपकरणातला सगळा मजकूर रॅमसारखाच नेटवर्कवरून जातो. सामायिक डिस्क असताना ब्लॉक उपकरणाचा डेटा हलवावा लागत नाही, ती सवय इथे उपयोगी नाही. शेकडो गिगाबाइटचं उपकरण असेल आणि गेस्ट भराभर लिहीत असेल, तर पाठवलेली पानं पुन्हा मळत राहतात आणि मायग्रेशन संपता संपत नाही. जिथे मशीन वरचेवर हलवाव्या लागतात, तिथे मी लहान आणि वाचनापुरतंच उपकरण देईन.

व्हीएफआयओने (खरं उपकरण थेट गेस्टला देण्याची लिनक्सची सोय) नेटवर्क कार्ड थेट द्यायचं आहे. अडचण येईल?

येईल, मागे डॅक्स फाइल सिस्टिमवरची फाइल असेल तर. व्हीएफआयओला गेस्टची पानं दीर्घकाळ पिन करून, म्हणजे जागची हलू न देता, ठेवावी लागतात आणि कर्नल अशा फाइलसाठी ते नाकारतो, कारण पिन असताना फाइल सिस्टिमने तेच ब्लॉक दुसऱ्या कामाला दिले तर कार्ड भलत्याच जागी लिहीत राहील. तिथे डेव्हडॅक्स (फाइल सिस्टिमशिवायचा) नेमस्पेस वापरा.

एकच फाइल अनेक मशीनना दिली तर सुरक्षेचं काय?

लेखनासाठी सामायिक देऊ नका, एवढं उघड आहे. वाचनापुरती दिली तरी सगळ्या मशीन होस्टची तीच पानं पाहतात, आणि एखादं पान आधीच रॅममध्ये आहे की नाही हे वाचनाला लागणाऱ्या वेळावरून ओळखता येतं. त्यातून शेजारची मशीन काय वाचते आहे याचा अंदाज बांधता येतो. व्हर्टआयओच्या प्रमाणग्रंथातही अशा सामायिक मॅपिंगबद्दल इशारा दिलेला आहे. सगळ्या मशीन एकाच मालकाच्या असतील तर हा धोका पत्करता येतो. अनोळखी लोकांच्या मशीन असतील तर प्रत्येकाला वेगळी फाइल द्या आणि रॅमची बचत विसरा.

नकलेवर मोजलेला वेग खऱ्या उपकरणाचा मानायचा का?

नाही. मागे साधी रॅम असते. ऑप्टेनवर विखुरलेल्या वाचनाला सुमारे ३०० नॅनोसेकंद लागत, म्हणजे रॅमच्या सुमारे तिप्पट. शिवाय ते आतून २५६ बाइटच्या तुकड्यांत काम करत असे, त्यामुळे ६४ बाइटची विखुरलेली लेखनं महाग पडत. ही वागणूक नकलेत येत नाही.

क्रॅश चाचणीसाठी तरी ती चालते ना?

चालते, पण तिच्यात एक मोठं भोक आहे. समजा तुमच्या कोडमध्ये एका जागी कॅश लाइन फ्लश करायची राहून गेली. खऱ्या मशीनची वीज गेली तर ती ओळ हरवेल. नकलेत तुम्ही गेस्ट बंद पाडा नाहीतर क्यूएमू मारा, खऱ्या प्रोसेसरची कॅश शाबूतच असते. न फ्लश केलेली ओळही फाइलमध्ये व्यवस्थित सापडते आणि चाचणी हिरवी होते. फ्लश विसरल्याची चूक या पद्धतीने कधीच पकडली जाणार नाही, हजार वेळा मशीन मारली तरी.

ही चूक पकडायला लेखनांची नोंद ठेवणारं साधन लागतं. व्हॅलग्रिंडवर (प्रोग्राम चालवून तपासणारी व्यवस्था) चालणारं पीमेमचेक कोणत्या स्टोअरनंतर फ्लश झाला नाही हे दाखवतं. पीएमरीऑर्डर फेन्सच्या मधली लेखनं वेगवेगळ्या क्रमांनी लावून प्रत्येक अवस्थेतून प्रोग्राम सावरतो का ते तपासतं. एका वेळी अखंडपणे लिहिल्या जाण्याची खात्री फक्त ८ बाइटपर्यंत असते, त्याहून मोठी नोंद अर्धवट राहू शकते, आणि अशा चुका इथेच उघड्या पडतात. उपकरणातले खराब ब्लॉक किंवा स्क्रबिंग (मेमरीतल्या चुका शोधत जाणं) तपासायचं असेल तर कर्नलमधलं एनफिट-टेस्ट मॉड्यूल बघा. क्यूएमूचं एनव्हीडिम एसीपीआयमधून लेबल (नेमस्पेसची माहिती) वाचण्या-लिहिण्यापलीकडे फारसं काही पुरवत नाही.

सीएक्सएलची नक्कल या सगळ्यापेक्षा बरी आहे का?

तिचं काम निराळं आहे. पर्सिस्टंट मेमरीची तरतूद सीएक्सएलमध्ये २०२० च्या २.० आवृत्तीत आली, आणि क्यूएमू टाइप-३ (मेमरी पुरवणारं सीएक्सएल) उपकरण टिकाऊ मेमरीसकट दाखवू शकतो. पण सीएक्सएलमध्ये एक पत्तापट्टा अनेक उपकरणांत विभागलेला असू शकतो, आणि ही वाटणी बिनचूक दाखवण्यासाठी क्यूएमू प्रत्येक वाचन-लेखन स्वतःच्या कोडमधून नेतो. एनव्हीडिमने बिनचूकपणा सोडून वेग घेतला होता, इथे वेग सोडून बिनचूकपणा घेतला आहे. केव्हीएमखाली त्या मेमरीतून प्रोग्रामच्या सूचना चालवताही येत नाहीत. म्हणून गेस्टच्या कर्नलने तो पट्टा साधी रॅम समजून तिथे एखादा प्रोग्राम ठेवला, तर मशीन कोसळते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी, डिकोडरची (पत्ते उपकरणांना वाटून देणारा भाग) मांडणी आणि लेबलची जागा तपासणाऱ्यांनी ही नक्कल जरूर वापरावी. डेटाबेस चालवून पाहायचा असेल तर एनव्हीडिम किंवा व्हर्टआयओ-पीमेमकडेच यावं लागेल.